साडेबारा ते तीन

जून अर्धा सरला की ऑफिसात दरवर्षीचं पत्रक येतं. दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरची सगळी कामं बंद, सप्टेंबर अर्धा होईपर्यंत. मी दुबईत इमारतींच्या एसीचं काम बघतो. गच्च्यांवर राबणारी माझी माणसं पंचवीस-तीस, त्यांना ते पत्रक वाचून दाखवणं माझ्याकडे असतं. "साडे बारा के बाद छत पर कोई दिखना नहीं, समझे?" मी दरडावतो, ती माना डोलावतात, आणि आमचा म्हातारा फोरमन "इन्शाल्ला साब" म्हणतो, जसं काही उन्हात न जाणं हेही वरच्याच्याच हातात आहे. यंदाही वाचलं. "साडे बारा"पाशी मी अडखळलो. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पाणी मागवलं आणि उन्हावर खापर फोडलं.

इथे ऋतू दोनच, बरा आणि हा. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या चोविसाव्या मजल्यावरून खाली तळं दिसतं, पण ह्या दिवसांत ते बघून कुणाला गार वाटत नाही. इमारतीबाहेर पाऊल टाकलं की चष्मा धुरकटतो आणि माणूस जागच्या जागी आंधळा होऊन उभा राहतो. शाळा सुटतात. लिफ्टमध्ये माणसांपेक्षा बॅगा जास्त दिसतात. दोन आठवड्यांत मजलेच्या मजले रिकामे. बायका-मुलं मुंबईला, पुण्याला जातात आणि मागे आमच्यासारखे पुरुष उरतात, फ्रीझरमधल्या डब्यांवर जगणारे. माझी बायको संध्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून वार लिहून जाते. मंगळवारी उसळ, गुरुवारी छोले, रविवारी मटण. त्या एका उन्हाळ्यातला रविवारचा डबा मला अजून आठवतो, आणि तो आठवला की जेवण जात नाही.

सुहास माझा मित्र. खडकीचा. त्याच्या वडिलांचं छावणीजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका अँग्लो-इंडियन कुटुंबानं जाताना त्यांना दुरुस्तीच्या बिलाऐवजी रेकॉर्डचं एक खोकं देऊन टाकलं. छोट्या, मधे मोठं भोक असलेल्या रेकॉर्डी, एका बाजूला एक गाणं. पन्नासच्या दशकातलं अमेरिकेतलं ते संगीत, रॉक अँड रोल नुकतं पाळण्यात होतं तेव्हाचं, रॉकबिली म्हणतात त्याला. इतर पोरं नाट्यसंगीत नाहीतर सिनेमाची गाणी ऐकत वाढली, सुहास हे ऐकत वाढला. त्याला इंग्रजी येत नव्हतं त्या वयात. शब्द न कळता तो ती गाणी तंतोतंत म्हणायचा, आणि त्याची आई पाहुण्यांना सांगायची, "आमच्या सुहासला उचकी लागते, पण तालात."

ती उचकी खरीच असते. त्या गाण्यांत गाणारा शब्दाच्या मधेच आवाज मुद्दाम तोडतो, वर उडवतो, परत खाली आणतो. सोबत एक गिटार आणि माणसापेक्षा उंच असा लाकडी बास. ड्रम पाहिजेतच असं नाही. बासची तार बोटानं ओढून सोडायची, ती लाकडावर आपटते, तोच ताल. सुहासला असा बास इथे मिळाला, लाउंज बंद करणाऱ्या एका हॉटेलातून. तो अबूधाबीकडे, खलिफा सिटीत, एका व्हिलाच्या भाड्यानं घेतलेल्या भागात राहायचा आणि एका बांधकाम कंपनीत नकाशे-कागदपत्रं सांभाळायचा. दुबईला येताना गाडीची पुढची सीट आडवी करून त्यावर बास निजवायचा आणि त्याला पट्टा बांधायचा. बास घेऊन तो आला की आमच्या इमारतीचा वॉचमन म्हणायचा, "साब, मॅडम आ गई."

आमच्या मराठी मंडळींच्या गेट-टुगेदरला सुहास गायचा. लोक आधी हसायचे, मग पाय हलायचे, मग कुणीतरी भावगीताची फर्माईश करायचं आणि तो मुकाट्यानं बास भिंतीला टेकवायचा. एका हिवाळ्यात त्याचा आवाज बदलला. खरखरीत झाला, कडांना फाटू लागला. ती उचकी आता न ठरवता, भलत्याच जागी यायला लागली. आम्ही खूश झालो. मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणालो, "वा सुहास! आता खरा आवाज आला बघ. इतकी वर्षं शाळेतल्या प्रार्थनेसारखा गायचास." तो हसला. घशावरून हात फिरवून म्हणाला, "च्यायला, पन्नाशी उलटल्यावर लागला होय आवाज." चार-पाच महिने आम्ही त्या फाटत्या आवाजाला टाळ्या दिल्या. मे महिन्यात डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्रावर गाठ आहे, पसरली आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. म्हणजे आम्ही त्या गाठीला दाद देत होतो. मला हे लिहितानाही कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं, जुलैच्या मध्यावर. त्याची बायको, नीलावहिनी, आजारी आईपाशी पुण्यातच होती. त्या लगेच यायला निघाल्या, पण सुहासनं त्यांना थांबवलं. "मीच येतोय की तीन-चार आठवड्यांत. आई एकटी पडेल." मला मात्र त्यानं खरं कारण सांगितलं. आवाज जायच्या आधी त्याला एक सिंगल करायची होती. खोक्यातल्या त्या रेकॉर्डींसारखी छोटी रेकॉर्ड, इकडे एक गाणं, तिकडे एक गाणं. इकडचं सगळ्यांसाठी. तिकडचं नीलासाठी, तिनं कधीच न ऐकलेलं.

"मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि पाठव," मी म्हणालो. मी तसा कोरडा माणूस आहे.

"दिन्या, तू एसीवाला आहेस, एसीचंच बोल," तो म्हणाला, आणि माझ्याकडे खरोखरच एसीचंच काम आलं.

अल क्वोजमध्ये पत्र्याच्या गोदामांच्या रांगेत थॉमसचेट्टनचं गोदाम होतं. हा केरळचा म्हातारा, चेट्टन म्हणजे त्यांच्याकडे दादा, टेपची जुनी मशिनं दुरुस्त करायचा आणि हौस म्हणून त्यांवर रेकॉर्डिंगही करायचा. पद्धत त्या काळचीच: खोलीच्या मधोमध एकच माइक, सगळ्यांनी एकदम गायचं-वाजवायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. जोडाजोडी नाही, पुसापुशी नाही. कुणाचा आवाज मोठा हवा तर तो माणूस दोन पावलं पुढे उभा राहणार. आणि एक टेप मशीन असं लावलेलं की गायलेला प्रत्येक शब्द क्षणभरानं पुन्हा उमटायचा, विहिरीत वाकून बोलल्यासारखा. सुहासनं पहिल्यांदा माइकसमोर "हॅलो" म्हटलं, मागून दुसरा सुहास "हॅलो" म्हणाला, आणि हा गडी डोळे पुसायला लागला.

पण तो माइक सगळंच ऐकायचा. छतातल्या एसीची घरघर तर आधी ऐकायचा. म्हणून गाणं चालू असेपर्यंत एसी बंद. आणि शेजारच्या आवारात दिवसभर लोखंड कापायचे, पलीकडे भाजीचं शीतगृह, तिथे रात्री गाड्यांची इंजिनं घुरघुरत उभी. दिवसात शांतता एकदाच मिळायची, साडेबारा ते तीन, जेव्हा उन्हामुळे आवारातलं काम बंद ठेवायचं असतं आणि ती माणसं सावलीला पुठ्ठे टाकून आडवी झालेली असतात. म्हणजे ह्या मुलखातल्या सगळ्यांत तापल्या वेळी, पत्र्याखाली, एसी बंद करून आम्ही गाणं करणार होतो. शहाण्या माणसाला हे सांगून पटलं नसतं. संध्याला मी फोनवर सांगितलंच नाही.

पहिल्या रविवारी मी थर्मामीटर घेऊन गेलो. इंजिनीयरची खोड. एसी बंद केल्यावर पहिल्या मिनिटात काही कळायचं नाही, दुसऱ्या मिनिटाला मान ओली व्हायची, तिसऱ्याला पत्रा डोक्यावर उतरून आल्यासारखा वाटायचा. मी भिंतीवर पेन्सिलनं आकडे लिहीत गेलो आणि सांगितलं, सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त एसी बंद ठेवायचा नाही, सुहासला झेपणार नाही. त्यामुळे गाणं अडीच मिनिटांचं, त्याच्या आधी एक मिनिट श्वास आणि सूर लावायला, मग यल्ला, चला. सुहास हाताची बोटं वर करायचा, मी बटण दाबायचो, पंखा थांबेपर्यंत सगळे पुतळे, आणि मग तो तार ओढायचा. गाणं संपलं की पुन्हा बटण. गिटारवर रॉनी होता, दिवसा छापखान्यात काम करणारा फिलिपिनो. घामानं त्याची बोटं तारांवरून घसरायची, म्हणून तो खिशात टाल्कम पावडरचा छोटा डबा ठेवायचा. चार माणसांत मी एकटा बेसूर, पण माझ्याशिवाय गाणं सुरू होत नव्हतं आणि संपतही नव्हतं. पुढे रेकॉर्डच्या कागदावर सुहासनं सगळ्यांची नावं लिहिली. मशीन, थॉमस. गिटार, रॉनी. बास आणि आवाज, सुहास. एसी, दिनेश.

पहिलं गाणं सायकलीचं होतं. खडकीहून कॅम्पात मुलीला मागे बसवून नेताना पंक्चर झालेल्या सायकलीचं. "हवा गेली, हवा गेली, चाक म्हणतंय थांब." असले खुळे शब्द, आणि त्यावर ती उचकी. दुसऱ्या गाण्याची त्यानं फक्त चाल ऐकवली. सरावाला तो नुसतं "ला ला" म्हणायचा. शब्द लिहिलेला कागद नव्हता. "शब्द एकदाच म्हणणार," तो म्हणाला. "ते पहिल्यांदा तिच्यासाठी टेपवर जायचे. तुम्हाला दहा वेळा ऐकवून शिळे कशाला करू?" मी त्याला नाटकी म्हणालो. तो म्हणाला, "लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, एकदा तरी नाटक करतो की."

आता तो रविवार.

पहिले तीन प्रयत्न फुकट गेले. एकात रॉनीची तार घसरली, एकात सुहासला खोकला आला, एकात शेजारच्या आवारात कुणाचा तरी फोन वाजला. चौथ्याला सगळं जुळलं. मी इतकं जिवंत काही ऐकलं नव्हतं. त्या मोडक्या गळ्यातून तो आवाज असा उसळून आला की थॉमसचेट्टन मशीनवरची नजर सोडून त्याच्याकडे बघत राहिला. शेवटचा सूर विरला. थॉमस त्या प्रतिध्वनीसाठी टेप थोडी जास्त चालू ठेवायचा, ती चालूच होती. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "खलास! बास आता. दुसरं पुढच्या रविवारी." घड्याळात पावणेदोन वाजले होते. तीनला सव्वा तास बाकी होता.

पुढच्या गुरुवारी सुहासचा श्वास अडकला. अबूधाबीच्या हॉस्पिटलात नेलं, आता पुण्यापर्यंत थांबायला वेळच नव्हता. शुक्रवारी स्वरयंत्र काढलं. नीलावहिनी मिळेल ते विमान पकडून आल्या तेव्हा तो शुद्धीवर आला होता आणि गळ्याला भोक होतं. त्यांचं एकमेकांशी शेवटचं बोलणं फोनवर झालं होतं, बुधवारी, आणि वहिनींनी मला सांगितलं की ते गॅसच्या नोंदणीबद्दल होतं.

सप्टेंबर अर्धा व्हायला आला. बंदी उठायच्या आदल्या रविवारी सुहासचा मेसेज आला: साडेबारा, अल क्वोज. तो वहिनींना घेऊनच आला. गळ्याशी पातळ रुमाल बांधलेला, अंगातलं मांस गेलेलं, बास मात्र स्वतःच उचलून आत आणला. रॉनीनं हळूच विचारलं, "सर, हू विल सिंग?" सुहासच्या गळ्यात दोरीनं पांढरी पाटी लटकत असायची. त्यानं लिहिलं, नोबडी. लीव्ह द स्पेस.

मी एसी बंद केला. त्यांनी दुसरं गाणं वाजवलं, पहिल्या झटक्यात, एकही चूक न करता. जिथे शब्द यायचे होते तिथे सुहास मान वर करून माइककडे बघायचा, ओठ हलायचे, आणि गळ्यातल्या भोकातून नुसता वारा यायचा. बास चालू. गिटार थांबून वाट बघतेय, जसं गाणाऱ्यासाठी थांबतात. खुर्चीवर नीलावहिनी दोन्ही हातांत पर्स धरून बसल्या होत्या. त्यांना तेव्हाच कळलं की हे गाणं त्यांचं होतं. संपल्यावर त्या उठल्या आणि त्याच्यासमोर पाटी धरून म्हणाल्या, "शब्द लिहून द्या. आत्ता. इथे." त्यानं बराच वेळ पेन हातात धरलं. मग लिहिलं, गाणं वाचायचं नसतं. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पाटी पदरानं पुसली आणि परत त्याच्या गळ्यात अडकवली.

त्यानंतर नोकरी संपली, व्हिसा संपला, घर आवरलं, ती दोघं पुण्याला गेली. थॉमसच्या ओळखीतून परदेशात एकेक रेकॉर्ड कोरून देणारा कोणी होता, त्याच्याकडून पाच प्रती आल्या. मी माझी प्रत लावली. पहिलं गाणं संपलं आणि पाठोपाठ माझाच आवाज आला. "खलास! बास आता. दुसरं पुढच्या रविवारी." मग पंख्याचा आवाज, आणि त्या आवाजाखाली दबलेलं, माइककडे पाठ फिरवून केलेलं सुहासचं काहीतरी बोलणं. तेवढ्यात संपतं. मी थॉमसला फोन करून विचारलं, हे का ठेवलं? तो म्हणाला, "हम तो काट रहा था. सुहास साबने लिख के दिया, मत काटो."

का, ते मला कधी कळलं नाही. मी त्याला विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी थंडीत तो गेला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये वहिनींनी मला एकदा विचारलं होतं की त्या दिवशी दोन्ही गाणी का झाली नाहीत. मी सांगितलं की सुहासचा चेहरा लाल झाला होता, मला काळजी वाटली. तो काही म्हणाला का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एसी लावला होता वहिनी, त्या आवाजात काही ऐकू आलं नाही. पुढे संध्यालाही हेच सांगितलं. सगळ्यांनाच. सगळ्यांनी मानलं, कारण एसीबद्दल माझा शब्द शेवटचा.

पण एसीचा धंदा करणाऱ्याला ठाऊक असतं की बटण दाबलं की आधी नुसता पंखा फिरतो, तोही हळू. मोठी घरघर ज्याची असते तो कॉम्प्रेसर दोन-तीन मिनिटांनी सुरू होतो. त्या पहिल्या क्षणी समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू न येण्यासारखं काही नसतं. बोलणं बुडवेल एवढा आवाज करणारा पंखा माझ्या माणसानं कुठे बसवला तर मी त्याला दुरुस्त करायला लावीन. मला ऐकू आलं होतं. सुहास म्हणाला होता, "दिन्या, आत्ताच घेऊ रे, आवाज लागलाय." आणि त्याचा चेहरा लाल झाला नव्हता. माझा झाला होता. शर्ट पाठीला चिकटला होता, डोकं ठणकत होतं, आणि घरी फ्रीजमध्ये रविवारचा डबा होता. मला जाऊन मटण गरम करायचं होतं, जेवायचं होतं आणि एसी लावून झोपायचं होतं. मी त्याच्याकडे न बघता कानावर हात ठेवून "ऐकू येत नाही" अशी खूण केली आणि थर्मामीटर पिशवीत टाकला. मग घरी गेलो, जेवलो. मटण चांगलं झालं होतं. झोपही लागली.

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. दर जूनमध्ये ते पत्रक येतं, मी माणसांना उन्हापासून जपायला सांगतो, आणि साडेबारा ते तीन ह्या वेळात मला स्वतःचं तोंड बघवत नाही. गेल्या वर्षी अल क्वोजला मुद्दाम गेलो. थॉमसचेट्टन केव्हाच गावी परतला. गोदामात आता कॉफीचं दुकान आहे, भिंत पांढरी केली आहे, माझे पेन्सिलचे आकडे त्याखाली कुठेतरी असतील. एसी इतका जोरात होता की मला शिंका आल्या.

आमची मुलगी सई. जन्म इथला, शाळा इथली, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत. ती आता व्हिडिओ एडिटिंगचं काम करते. मागच्या महिन्यात तिनं माझी ती रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. म्हणाली, "बाबा, देअर्स समवन टॉकिंग अंडर द एसी. आय कॅन क्लीन इट. टू मिनिट्स."

"नको," मी म्हणालो.

"व्हाय नॉट?"

"आहे तसं राहू दे. त्याची आठवण आहे."

"ओके, ओके. डोन्ट गेट इमोशनल," ती म्हणाली, आणि मी तिला तसंच समजू दिलं. तिनं मात्र ते केलंच, आणि नीलाकाकूला सरप्राइज म्हणून पाठवून दिलं. तिची काही चूक नाही. तिला वाटलं, एका बाईला तिच्या नवऱ्याचं एक वाक्य जास्त मिळेल.

परवा रविवारी दुपारी वहिनींचा फोन आला. मी एकटाच होतो, संध्या आणि सई पुण्याला गेलेल्या. टेबलावर डबा नुकताच काढून ठेवला होता.

"भावोजी, सईनं पाठवलेलं ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "किती लख्ख आलाय हो ह्यांचा आवाज. इतकी वर्षं मी कान देऊन ऐकत होते, कळायचंच नाही काय म्हणतात ते. 'दिन्या, आत्ताच घेऊ रे, आवाज लागलाय.'" त्यांनी ते अगदी त्याच्या चालीवर म्हटलं, शेवटचा शब्द जरा वर उचलून.

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"तुम्हाला एसीमुळे ऐकू आलं नसणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात."

बाईंनी माझीच पळवाट मला आणून दिली होती. नुसतं "हो" म्हणायचं होतं. एवढा एक शब्द, आणि मी मरेपर्यंत सुखरूप राहिलो असतो.

"ऐकू आलं होतं, वहिनी."

"मग?"

"भूक लागली होती. उकडत होतं. घरी मटण होतं."

हे मोठ्यानं म्हटल्यावर किती लहान वाटलं ते सांगता येणार नाही. मला त्यांच्या घरातल्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. मला वाटलं आता त्या फोन ठेवतील, आणि ठेवावा असंच मला वाटत होतं. मग ती कुरकुर हळूहळू मंद झाली आणि थांबली.

"पंखा बंद केलाय मी," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा होता. "ऐकताना बंद करायचा, असं ह्यांनी शिकवलंय. दुसरी बाजू लावतेय. मधे बोलू नका."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीही नाही. मी उठून एसी बंद केला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर उताणा ठेवला. सुईची खरखर झाली, मग तार लाकडावर आपटली. गिटार आली. मग ती जागा आली जिथे तो गाणार होता, आणि तिथे त्याच्या गळ्यातून आलेला वारा होता, आणि पुण्यातल्या त्या खोलीत एक बाई श्वास घेत होती. दुसऱ्या कडव्याला माझ्या मानेवरून घाम उतरला. काचेबाहेर तळं पांढरं पडलं होतं. गाणं संपलं.

"एसी लावलात का?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मग परत लावते," त्या म्हणाल्या, आणि सुई उचलल्याचा आवाज आला. मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन वाजले होते. तीनला अजून बराच वेळ होता.